गाणं सुरू झालं की जेवण सुरू होतं

(उत्तर अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या मेळाव्यातलं भाषण, मंडळाच्या संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी, पाडव्याच्या शुभेच्छा.

मला आज संगीत नाटकांवर बोलायला सांगितलं होतं. टिपणं काढूनही झाली होती. पण गेल्या गणपतीत माझी लेक जे बोलली ते मनातून जात नाही, म्हणून तेच बोलते. ती १४ वर्षांची आहे. त्या दिवशी याच सभागृहात ती भूप राग गायली. घरी जाताना मागच्या सीटवरून म्हणाली, “आई, माझं गाणं सुरू झालं की जेवण सुरू होतं.”

रागावलेली नव्हती. दिसलं तसं सांगत होती. ती आलाप करत असताना पुऱ्यांची परात घेऊन मीच रांगांमधून फिरत होते, हे तिने बोलून दाखवलं नाही. पण ते तिने बघितलं होतं.

डिसेंबरात तिला घेऊन पुण्याला गेले, सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला. आता तो रमणबाग शाळेच्या मैदानावर होत नाही, मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. पण त्या शाली, त्या सतरंज्या, ते “सरका जरा, अजून एक बसेल” सगळं तसंच. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा तिशीच्या आतली एक गायिका मुलतानी राग गात होती. नाव माझ्याही ओळखीचं नव्हतं. मांडव अर्धाच भरलेला. लेक गाणाऱ्या बाईंपेक्षा माणसांकडेच जास्त बघत होती. बऱ्याच वेळाने माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “इथे पण लोक खातात. पण उठून बाहेर जाऊन खातात.”

पुण्याचं सगळं छान, असं मला म्हणायचं नाही. दुपारच्या कलाकाराला तिथेही गर्दी कमीच असते. पण जे अर्धे बसले होते ते ऐकत होते. एका तानेनंतर पुढच्या एका आजोबांनी नुसती मान हलवली आणि त्या मुलीचा चेहरा उजळला, हे मी बघितलं. तेव्हापासून मी त्या अर्ध्या मांडवाचाच विचार करते आहे. आपण ज्यांना दिग्गज म्हणतो ते सगळे कधीतरी अशाच अर्ध्या मांडवापुढे गायले आहेत.

भीमसेन जोशी गदगचं घर सोडून गुरू शोधायला निघाले तेव्हा ११ वर्षांचे होते. हिंडून हिंडून शेवटी सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला राहून शिकले. गुरूंच्या साठीनिमित्त १९४६च्या जानेवारीत पुण्यात गायले आणि लोकांच्या कानात बसले, तेव्हा वय २३. पुढे १९५३ साली त्याच गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. वसंतराव देशपांडे कित्येक वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत गात होते. १९६७ साली त्यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. मंडळी, ४७! आपण इथे त्या वयाच्या माणसाला ‘उगवता कलाकार’ म्हणू का?

आणि प्रभाताई अत्रे. त्या ८ वर्षांच्या असताना आईची तब्येत बरी नव्हती. गाण्याने बरं वाटेल असं कुणीतरी सुचवलं म्हणून घरात शिकवणी सुरू झाली. आई थोडंसंच शिकली, पण ऐकता ऐकता गाणं लागलं ते मुलीला. पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे तालीम, विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, आकाशवाणीची नोकरी, एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाची जबाबदारी. १३ जानेवारी २०२४ला त्या गेल्या, वयाच्या ९१व्या वर्षी. त्या दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, ती तशीच खाली बसले. इतकी वर्षं टिकायला गळा लागतो, जिद्द लागते. पण मधली वीस-तीस वर्षं घर चालावं लागतं आणि कुणीतरी ऐकत राहावं लागतं.

माझ्या गुरुभगिनीचा मुलगा पुण्यात गातो. वय २६, इंजिनिअरिंग करून नोकरी सोडलेली. आपल्या भागातल्या ९ मुलांना तो ऑनलाइन शिकवतो. त्यातली काही मुलं आज इथे बसली आहेत. मी कौतुकाने म्हटलं, “छान जम बसला रे तुझा.” तो जरा थांबून म्हणाला, “मावशी, तुमच्या मुलांमुळे घर चालतं, खरंच. पण माझी पहाट गेली.”

आपली हिवाळ्यातली संध्याकाळची ७ची वेळ म्हणजे त्याची पहाटेची साडेपाच. आता उन्हाळ्यासाठी आपली घड्याळं तासभर पुढे गेली, म्हणजे साडेचार. ज्या वेळी त्याने खर्ज लावायचा, म्हणजे खालच्या सुरांचा स्वतःचा रियाज करायचा, त्या वेळी तो आपल्या मुलांना सुरांचे अलंकार घोटवतो. आणि सॉकर लांबलं की आपण पाच मिनिटं आधी व्हॉट्सअॅप करतो, ‘सॉरी सर, आज नाही जमणार.’ तो मात्र तंबोरा लावून बसलेला असतो. रद्द झालेल्या त्या तासाचे पैसे आपल्यापैकी किती जण देतात? मी देत नव्हते. जानेवारीपासून देते.

जरा मनातलं बोलते, रागावू नका. मोठं नाव येणार म्हटलं की आपली तिकिटं दोन दिवसांत संपतात, आणि संपावीत. पण पुण्याहून कुणी तरुण येतो, तेव्हा आपण त्याची कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये झोपायची सोय करतो आणि मानधनाचा विषय निघाला की सगळे एकमेकांकडे बघतो. शाल-श्रीफळ आपण सत्तरीत देतो. सत्तरीपर्यंत तो गात राहिला पाहिजे ना?

जेवणाची अडचण मला कळते. मधुमेहाची माणसं आहेत, लहान मुलं आहेत, पहाटेपासून राबणारे आपलेच स्वयंसेवक आहेत. मी त्यांच्यातलीच आहे. कार्यकारिणीत विषय काढला तेव्हा तासभर वाद झाला, आणि दोन्ही बाजूंचं मला पटत होतं. उत्तर सापडलं नाही.

आज कार्यक्रमपत्रिकेत माझ्या लेकीचं नाव साडेबाराला आहे. भोजनाची वेळही तीच छापली गेली आहे. सकाळी तिने तंबोरा काढला, तारा लावल्या, बराच वेळ नुसती छेडत बसली आणि मग पुन्हा गवसणीत घातला. आत्ता ती बाहेर गाडीत बाबांबरोबर बसली आहे. तंबोरा मागच्या सीटवर आहे. आत येते, असं अजून म्हणालेली नाही.