बाराच्या आधीचे चोर

पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘वेस्टर्नमधला दरोडेखोर आणि जमिनीचा प्रश्न’. जमिनीकडे येतोच. आधी दरोडेखोर.

१९३९ चा ‘द ओक्लाहोमा किड’ तुम्ही पाहिलाय असं धरून चालतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी नुसती मान डोलवावी, फिल्म सोसायटीत तशी पद्धतच आहे. जेम्स कॅग्नी आणि हम्फ्री बोगार्ट, दोघेही न्यूयॉर्कचे, गँगस्टरपटांत मुरलेले. वॉर्नर ब्रदर्सनी त्यांना उचलून घोड्यावर बसवलं. कॅग्नीची हॅट एवढी मोठी की तो त्यात अळंबीसारखा दिसतो, असं बोगार्ट म्हणे म्हणायचा. स्वतः बोगार्ट नखशिखांत काळ्या कपड्यांत, म्हणजे खलनायक कोण ते शेवटच्या रांगेलाही कळावं.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो हॉस्टेलच्या मेसमध्ये. भिंतीवर चादर, प्रोजेक्टरखाली टेकू म्हणून दोन उलटी ताटं आणि हवेत आमटीचा वास. ऑपरेटरने पहिल्याच्या जागी दुसरं रीळ लावलं. सिनेमा उघडतो तोच गाव वसलेलं! सलून चालू, जुगार चालू, बोगार्ट मालकासारखा हिंडतोय. अर्ध्या तासाने बघतो तर सगळे मोकळ्या माळावर रांग धरून, जमिनीकडे धावायला कधी सोडतात याची वाट बघत उभे. संपल्यावर चर्चा झाली. आमच्यातला एक विद्वान दिग्दर्शकाच्या फ्लॅशबॅकच्या धाडसी वापरावर वीस मिनिटं बोलला. ऑपरेटर बिचारा रिळं गुंडाळत शेवटपर्यंत गप्प होता. तो विद्वान कोण, ते विचारू नका. हेच जाकीट होतं अंगात.

पण खरं सांगू? त्या चुकलेल्या रिळातच सगळं सार होतं. तेव्हा सरकार जमीन खुली करायचं, ठरल्या वेळी इशारा झाला की लोकांनी धावायचं, जो आधी पोचून खुंट्या ठोकेल त्याची ती जमीन. या धावेतला लबाड तो सूनर. इशाऱ्याआधी चोरून आत घुसायचं, खुंट्या ठोकून बसायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारी जमात! बोगार्टची टोळी तेच करते आणि त्या जोरावर गावातल्या दारू-जुगाराचा मक्ता पदरात पाडून घेते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

सिनेमातली धाव ती चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या ‘चेरोकी आउटलेट’ नावाच्या पट्ट्यातली, १६ सप्टेंबर १८९३, दुपारी बारा. साठ लाखांहून जास्त एकर, लाखाहून जास्त माणसं, एकेकाला १६० एकर. दरोडेखोरही खरेच होते. १ सप्टेंबरलाच इंगल्स गावात बिल डूलिन या दरोडेखोराच्या टोळीशी चकमक होऊन तीन डेप्युटी मार्शल, म्हणजे सरकारी पोलीस, मारले गेले. पण ती टोळी लुटायची बँका आणि रेल्वे. जमीन लुटायला कायदा पुरेसा होता. चेरोकींना १८३८-३९ मध्ये पूर्वेकडून हाकललं, बदल्यात पश्चिमेला जमीन दिली. आउटलेटच्या गवतावर गुरं चारायला देऊन त्यांना पैसा मिळायचा. १८९० मध्ये सरकारने गुरंच हटवायचा हुकूम काढला. उत्पन्न बंद. मग सुमारे ८५ लाख डॉलरला सौदा.

म्हणजे बाराला पाच मिनिटं कमी असताना शिरला तो चोर, बारा वाजून पाच मिनिटांनी शिरला तो शेतकरी. आधीच्या, १८८९ च्या धावेतल्या एका रेल्वे कामगाराचा दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तो रुळांलगतच्या रेल्वेच्या पट्ट्यात राहायचा, बारा वाजल्यावर बाजूला उतरून खुंट्या ठोकल्या. कोर्ट म्हणालं, तू आधीच आत होतास, चालणार नाही. चेरोकी तर किती आधीपासून आत होते!

सिनेमातला दरोडेखोर नायक, कॅग्नीचा किडही मध्येच बोलून जातो की गोऱ्यांनी ही जमीन इंडियनांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची चोरलीय. पण पुढे बापाच्या मृत्यूचा सूड येतो आणि ते वाक्य घोड्यांच्या धुळीत जातं. दोन चोरांचं भांडण रंगलं की तिसऱ्याकडे कोण बघतंय? आज सूनर हे ओक्लाहोमा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं नाव आहे, लोक कौतुकाने छातीवर मिरवतात.

आणखी चार मुद्दे होते, ते राहिले. आता सिनेमा सुरू होईल. पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्यांवर साडेपाचपासून रुमाल पडलेत, तेवढे ज्याचे त्याने उचलावेत.