पोरांच्या मागे पळू नका

नमस्कार श्रोतेहो. परीक्षा संपल्या आणि गावोगावची मैदानं उन्हाळी शिबिरांनी भरली. सकाळी सातला शिट्टी वाजते, पोरं उधळतात आणि कडेला उभ्या पालकांचे फोन वर होतात. दुपारी ग्रुपवर फोटोंचा ढीग येतो. निम्मे पाठमोरे, उरलेले हललेले.

पळणाऱ्या मुलामागे धावलं की पाठच मिळणार. त्यापेक्षा खेळ समजून घ्या आणि मूल जिथे येणार तिथे आधीच जाऊन बसा.

खो-खो घ्या. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मध्येच माघारी फिरता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. दिशा बदलायची तर खांब गाठावा लागतो. फोटो काढणाऱ्याचं निम्मं काम नियमानेच करून ठेवलंय! खांबाच्या रोखाने, पण रेषेच्या चांगलं बाहेर, खाली बसा. एक हात खांबाला, अंग पार बाहेर झुकलेलं, दुसरा हात निसटणाऱ्या गड्याकडे ताणलेला, जीभ दातांत. असा क्षण एका डावात तुमच्यासमोर अनेकदा येतो. आणि पाटीवर बसलेल्या आठ जणांना विसरू नका. टाचा उचललेल्या, बोटं मातीत रुतलेली, कान मागे लागलेले. मला तर धावणाऱ्यांपेक्षा खोची वाट बघणारे हे चेहरेच जास्त आवडतात.

लगोरीत नजर चेंडूवर नको, चिपांवर ठेवा. चेंडू कुठेही गेला तरी सगळ्यांना शेवटी यायचंय तिथेच.

मल्लखांबाची तऱ्हा वेगळी. दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात मुलांना मल्लखांब करताना कधी पाहिलंत, तर लक्षात येईल. चढताना सगळी धांदल असते, पण वर पकड बसली की मूल क्षणभर स्थिर होतं. बटण तेव्हा दाबायचं. मात्र हाक मारून त्याचं लक्ष वेधायचं नाही. एरंडेल चोळलेल्या खांबावर डोकं खाली असताना "इकडे बघ, हास!" असं ओरडणारे आईबाप मी पाहिलेत. शिबिराच्या ताईंनी अशांना सरळ रेषेबाहेर काढावं.

आता थोडं गणित. सेकंदाला ४ मीटर पळणारं पोर सेकंदाच्या ६० व्या भागात साडेसहा सेंटिमीटरहून जास्त पुढे सरकतं. फोटोत त्याचं नाक पुसलं जाणारच. हजाराव्या भागात तेच पोर फक्त ४ मिलिमीटर सरकतं. म्हणून शटरचा वेग, म्हणजे फोटो घेताना कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहतो तो वेळ, सेकंदाचा ५०० वा भाग, जमलं तर हजारावा ठेवा. फोनवर बटण दाबून धरलं, किंवा काही फोनमध्ये बाजूला ओढलं, की ओळीने फोटो निघतात. त्यातला एखादा साधतो. बाकीचे त्याच दिवशी पुसून टाका, नाहीतर पुढच्या मे महिन्यापर्यंत तसेच पडून राहतील.

वेगवान शटरला उजेड भरपूर लागतो आणि तो मे महिन्यात कमी नाही. पण साडेनऊ-दहानंतर ऊन डोक्यावर येऊ लागलं की टोपीखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. मग झाड गाठायचं, तर आंब्याखाली चेहऱ्यावर कवडसे पडतात. सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या मैदानाकडे करून मुलांना बसवा, चेहरे उजळतात.

पहिल्या दिवशी कॅमेरा दिसताच पोरं दोन बोटं वर करतात, जिभा काढतात. काढू द्या. तसे फोटो घ्या, त्यांना दाखवा, खिदळू द्या. थोड्या वेळाने कंटाळतात आणि तुम्हाला विसरतात. खरं काम तिथून सुरू होतं.

एका बाबतीत मात्र कडक राहायचं. पोहण्याच्या तलावावरचे फोटो आणि छातीवरच्या बिल्ल्यावर नाव, शाळा, फोन नंबर वाचता येईल असे फोटो बाहेर टाकायचे नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. घरच्या अल्बमला तो लागू नाही, पण शिबिर चालवणाऱ्यांनी प्रवेश अर्जातच तशी सही घ्यावी. एखाद्या आईने "नको" म्हटलं तर कारण विचारत बसू नये.

फोटो काढणाऱ्याने मुलांची यादी खिशात ठेवावी. धीट पोरं पन्नास वेळा येतात, माठाजवळ रेंगाळणारा एखादा एकदाही येत नाही. रोज यादी बघून त्याला शोधा.

आणि सगळ्यांचा एकत्र फोटो समारोपाला ठेवू नका. तोवर निम्मी मुलं गावाला गेलेली असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उरकून टाका, तोही खाऊ वाटायच्या आधी. राजगिऱ्याचा लाडू हातात पडल्यावर तुमच्यासाठी कोणीही थांबणार नाही. नमस्कार.