कतीफच्या खजूरबागा आणि आपला सिकलसेल

(टेबलावर दोन काचनळ्या. मागे काळ्या रेघा ओढलेलं कार्ड.)

ह्या दोन नळ्यांमागचं कार्ड बघा. डावीकडच्या नळीतून रेघा मोजता येतात. उजवीकडची गढूळ. मागे रेघा आहेत की नाहीत, काही कळत नाही. गोंदिया-गडचिरोलीच्या मंडळींना ओळख करून द्यायला नको, शाळेत बोट टोचून घेतलेलं असतं. ही सोल्युबिलिटी टेस्ट. गढूळ म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. माणूस एएस म्हणजे नुसता वाहक, की एसएस म्हणजे आजारी, हे मात्र नळी सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी, करावी लागते.

गढूळ नळी माझी आहे. मी एएस.

मागच्या व्हिडिओखाली एका दादांनी लिहिलं, "आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो, सर. अरबांसारखा. उगाच घाबरवू नका." हे वाक्य हवेतून आलेलं नाही, त्याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. म्हणून आज सौदी अरेबियात जाऊ.

(नकाशा. आखाती किनारा.)

सौदी म्हटलं की वाळवंट आठवतं. पण पूर्व किनाऱ्यावर कतीफ आणि अल-अहसा ही मरूद्यानं आहेत. जमिनीतून झरे, पाटाचं पाणी, मैलोन्मैल खजुराची झाडं. पाणी साचलं की डास, आणि डास आले की मलेरिया. सिकलचं एकच जनुक असलेल्या माणसाला जिवावरच्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून ते जनुक तिथे टिकलं आणि वाढलं. त्या प्रांतात काही ठिकाणी चारातला एक जण वाहक आहे. आपल्याकडेही जंगलपट्टा, तलाव आणि मलेरिया यांची हीच गोष्ट.

धहरानला अरामको या तेल कंपनीचं वैद्यकीय केंद्र होतं. तिथले डॉक्टर पेरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. शीर्षकातच त्यांनी या आजाराला 'बिनाइन', म्हणजे सौम्य म्हटलं. अमेरिकेतल्या आणि जमैकातल्या रुग्णांशी तुलना केली तर ते खरंही होतं. कतीफकडचे एसएस रुग्ण मोठे होत होते, त्यांना मुलंबाळं होत होती. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांची पाणथरी लहानपणीच सुकून निकामी होते, इथे ती मोठ्या वयातही हाताला लागायची.

कारण सापडलं ते गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, एफ. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ संपतं. मोठ्या माणसात साधारण एक टक्क्याहून कमी. या पूर्वेकडच्या सौदी रुग्णांत मात्र मोठेपणीही सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास राहतं, लहान मुलांत ३० पर्यंत. सिकल हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. एफ त्या साखळीत बसत नाही. मध्येच खोडा घालतं.

(थोडं पुढे झुकून)

आता आपला संबंध. सिकलचा बदल जनुकात एका अक्षराचा. तो कुठून आला ते आजूबाजूच्या खुणांवरून ओळखतात. सातबारावर गट नंबर कळतो, पण रान नेमकं कुठलं ते चतुःसीमा वाचल्यावर कळतं, तसं. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी पूर्व सौदीतल्या आणि ओडिशातल्या रुग्णांची चतुःसीमा ताडून बघितली. तीच निघाली! म्हणून तिचं नाव अरब-इंडियन हॅप्लोटाइप. पुढे आपल्या आदिवासींतही तीच सापडली. आणि त्याच सौदीच्या नैऋत्येला, जिझानकडे, खुणा आफ्रिकेतल्या बेनिन प्रकारच्या आहेत आणि आजार जास्त जाच करतो. एकच देश, दोन चतुःसीमा.

दादा, तुमचं वाक्य इथून आलं. पण नागपूरच्या डॉक्टरांच्या अभ्यासात खुणा त्याच आहेत, एफही जास्त आहे, तरी मुलं वारंवार भरती होतात. हाडं ठणकतात, रक्त चढवावं लागतं. एक कारण असं की ओडिशात आणि गुजरातच्या आदिवासींत अल्फा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक दोषही बऱ्याच जणांत असतो आणि तो सिकलची धार थोडी बोथट करतो. विदर्भात त्याचं प्रमाण कमी. आणि खुद्द कतीफकडे? तिथेही वय वाढलं की वेदनेचे झटके येतात, खुब्याचं हाड झिजतं. 'सौम्य' हा शब्द तुलनेतला होता. आपण तो सर्टिफिकेटसारखा भिंतीवर लावला.

त्या एफच्या शोधाचं फळ मात्र मोठं. हायड्रॉक्सियुरियाची गोळी मुख्यतः एफ वाढवूनच काम करते. २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळालेली कॅसजेव्ही ही जनुक उपचारपद्धतीही तेच करते. बीसीएल११ए नावाचं एक जनुक एफला दाबून ठेवतं, ती पकड सैल करायची. बहारीन आणि सौदीने ती लगेच मंजूर केली. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. तेव्हा आपण गोळीवरच राहू.

आता लग्नाची गोष्ट. सौदीत २००४ पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची आहे. रिपोर्ट आला की समुपदेशन, पण लग्नाला बंदी नाही. पहिल्या वर्षी धोका असलेल्या जोडप्यांपैकी फक्त ९.२ टक्के थांबली. का? हॉल ठरलेला, आमंत्रणं गेलेली, नातं घरातलंच. तिथली निम्म्याहून जास्त लग्नं नात्यात होतात. मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. २००९ पर्यंत थांबणाऱ्यांचा आकडा ५१.९ टक्क्यांवर गेला. एएस-एएस जोडप्याला दर गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, हे घराघरात पोचलं होतं.

उरलेल्यांनी लग्न केलंच. मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझी तपासणी लग्नानंतर दोन वर्षांनी झाली, तीही मुलगा पोटात असताना. बायकोच्या रिपोर्टची वाट बघत लॅबच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, हे आधी करता आलं नसतं का?" आलं असतं, वीस रुपयांचं काम. ती एए निघाली, म्हणजे सिकलचं जनुक नाहीच.

(डावीकडची नळी उचलून)

ही तिची.

पुढच्या भागात एचपीएलसीचा कागद घेऊन बसू. एस, एफ आणि ए-टू हे तीन आकडे कसे वाचायचे ते दाखवतो. तुमचा रिपोर्ट काढून ठेवा.