गार्थ ब्रूक्स : मंच, माणूस आणि मतभेद

रसिकहो,

जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सच्या सोहळ्यात वर्षातल्या सर्वांत लोकप्रिय कलाकाराचा मान कंट्री गायक गार्थ ब्रूक्सला जाहीर झाला. (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेली शैली.) तो मंचावर आला, हा निकाल आपल्याला पटत नाही असं म्हणाला आणि ट्रॉफी पोडियमवरच ठेवून निघून गेला. त्या वर्षी संगीतासाठी जास्त काम हूटी अँड द ब्लोफिश या बँडने केलं, असं त्याने नंतर सांगितलं. चाहत्यांत यावरून दोन तट पडले आणि ते अजून टिकून आहेत. एक तट म्हणतो, मनाचा मोठेपणा याला म्हणतात. दुसरा म्हणतो, बक्षीस नाकारणाऱ्याची बातमी बक्षीस घेणाऱ्याच्या बातमीपेक्षा मोठी होते, हे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून जाहिरातशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला ठाऊक नसेल का?

त्याच्या मनात काय होतं हे तुम्हाला-मला कळायचा मार्ग नाही. म्हणून स्वभाव जोखताना मी एकच गोष्ट पाहतो : त्या त्या वेळी त्याच्या पदरचं काय गेलं? ट्रॉफी सोडण्यात फारसं काही गेलं नाही, तेव्हा त्या प्रसंगावरून मी काहीच निष्कर्ष काढत नाही. पुढचे प्रसंग मात्र याच कसोटीवर बरंच सांगून जातात.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप करणारा दिवाणी दावा दाखल झाला आणि त्याने आरोप फेटाळले. तो विषय न्यायालयाचा आहे. चाहत्यांच्या आवडीनिवडीच्या पारड्यात तो टाकणं योग्य नाही.

आधी मंचाकडे वळू. गार्थचा पहिला अल्बम १९८९चा. त्या काळात कंट्री गायक म्हणजे हॅट, जीन्स, गळ्यात गिटार आणि माइकच्या दांडीसमोर एका जागी उभं राहून गाणं. जॉर्ज स्ट्रेट हा त्या शैलीचा आदर्श, आणि गार्थ त्याला मनापासून मानतो. पण गार्थच्या कानावर किस आणि क्वीन या रॉक बँडचेही संस्कार होते. त्याने कंट्रीच्या गाण्याला रॉकच्या कार्यक्रमाचा सांगाडा दिला. १९९१ मध्ये डॅलसच्या रियुनियन अरीनात झालेल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण पाहा. तो दोराच्या शिडीला लटकून प्रेक्षकांच्या डोक्यावरून झोके घेतो, आणि आपला कॉलेजातला खोलीमित्र व गिटारवादक टाय इंग्लंड याच्यासोबत गिटारी फोडतो. जुन्या पठडीतल्या श्रोत्यांना सर्वांत जास्त खटकलं ते हेच. कंट्रीत गिटार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात, ती फोडणं त्यांना उद्धटपणा वाटला. त्यांचं दुःख मला समजतं. १९९३ मध्ये टेक्सास स्टेडियममध्ये तो तारांवर लटकून प्रेक्षागृहावरून उडाला, तेव्हा गाणं कुठे संपतं आणि सर्कस कुठे सुरू होते, हा प्रश्न रास्तच होता.

या धावपळीचं मूळ एका छोट्या वस्तूत आहे : डोक्याला अडकवायचा बिनतारी माइक. दोन्ही हात मोकळे, मंचभर फिरायची मुभा. पण त्याची किंमतही मोजावी लागते. हातातला माइक गायक मोठ्या स्वराला ओठांपासून लांब नेतो आणि हळव्या ओळीला जवळ आणतो, म्हणजे आवाजाचा तोल तो स्वतः राखतो. डोक्यावरच्या माइकचं अंतर ठरलेलं असतं. चढउतार सांभाळायला मिक्सरवर बसलेल्या इंजिनिअरला गायकाबरोबर श्वास घ्यावा लागतो. त्याची आवाज कमीजास्त करणारी सरकती कळ (फेडर) क्षणभर उशिरा खाली आली तर टिपेचा स्वर कानात टोचतो. धावल्यावर लागलेली धाप माइक इमानेइतबारे टिपतो. गायक ड्रमजवळ गेला की झांजांचा आवाज आत घुसतो, आणि मॉनिटर स्पीकरच्या (गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर ठेवलेल्या) तोंडाशी आला की शिट्टी वाजते. गार्थच्या धावत्या गाण्यांत सूर कधीकधी सैल पडतात, ही तक्रार खरी आहे आणि तिचं कारण हे आहे. संथ गाण्यांसाठी तो एका जागी थांबतो, तेव्हा तोच आवाज भरीव आणि स्थिर लागतो.

त्याच्या मंचकलेचा अस्सल भाग मला उड्यांत दिसत नाही. ‘फ्रेंड्स इन लो प्लेसेस’ हे त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं. १९९०च्या ध्वनिमुद्रिकेत त्याची दोनच कडवी आहेत. मंचावर तो तिसरं कडवं गातो, जे घरच्या सीडीत नव्हतं. आपल्याकडे ‘वन्स मोअर’ची सवय असलेल्या श्रोत्याला यातली गंमत लगेच कळेल : तिकीट काढून आलेल्याला काहीतरी जास्तीचं मिळतं, आणि ते कडवं पाठ असणं ही चाहत्यांची आपसातली ओळख होऊन बसते. ध्रुवपद आलं की बँड थांबतो, तो गाणं प्रेक्षकांवर सोपवतो आणि ऐकत उभा राहतो.

२०१४ ते २०१७च्या दौऱ्यात मुख्य कार्यक्रम संपल्यावर तो एकटा गिटार घेऊन पुन्हा बाहेर येई आणि प्रेक्षकांच्या हातातले फलक वाचत मंचाच्या कडेने फिरे. फलकावर कुणाची फर्माईश असे, कुणाचा वाढदिवस. तो त्या गाण्याचं एखादं कडवं वाजवी, कधी दुसऱ्याच कुणाचं गाणं घेई. यात बँडला आधी सूचना नाही, दिव्यांचा क्रम ठरलेला नाही, शब्द विसरले तर लपायला आडोसा नाही. हे जमायला शेकडो गाणी हाताखाली असावी लागतात. त्याला नाटकी म्हणणाऱ्यांनी हा भाग जरूर पाहावा.

आता तिकिटांकडे या, कारण चाहते त्याला सर्वांत जास्त दुवा देतात ते इथे. दौऱ्यांत त्याची पद्धत अशी : सगळ्या खुर्च्यांना एकच दर, आणि तोही बरोबरीच्या कलाकारांपेक्षा कमी. एका रात्रीची तिकिटं संपली की लगेच दुसरी रात्र जाहीर, मग तिसरी, मागणी आटेपर्यंत. काळाबाजार टंचाईवर जगतो. ज्याने पहिल्या रात्रीची तिकिटं चढ्या भावाने विकायला घेऊन ठेवली, त्याच्या हातात माल पडून राहतो, कारण खिडकीवर मूळ दराने तिकीट मिळतंय. २०१४ मध्ये शिकागोजवळच्या रोझमाँटला अशा रीतीने अकरा कार्यक्रम झाले. पहिल्या रांगांना दामदुप्पट लावून तो सहज जास्त कमावू शकला असता. म्हणजे इथे त्याच्या पदरचं गेलं, आणि भरपूर गेलं.

या पद्धतीत बिघडतं कुठे, तर वेळापत्रकात आणि घशात. सभागृहाच्या तारखा मर्यादित असतात, म्हणून एकाच दिवशी दोन कार्यक्रम लावावे लागतात, संध्याकाळी सात आणि रात्री साडेदहा. पहिला लांबला की दुसऱ्याचे प्रेक्षक बाहेर ताटकळतात. आणि गायकाला आवाजाची विश्रांती मिळत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विक्रीच्या आकड्यांबद्दल मात्र माझं मत टीकाकारांच्या बाजूने झुकतं. १९९१ मध्ये विक्रीच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाने दुकानांतल्या बारकोडवरून विक्री मोजायला सुरुवात केली. त्याआधी दुकानदारांना फोन करून विचारत, आणि त्यात कंट्रीची विक्री कमी नोंदली जाई. खरी मोजणी सुरू झाली आणि त्याच सप्टेंबरमध्ये गार्थचा तिसरा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला. कंट्री अल्बमच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. हे यश निखळ होतं. पुढे मात्र आकड्याची भूक दिसू लागते. १९९८चा ‘डबल लाइव्ह’ वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला, म्हणजे हौशी चाहत्याने तोच संच पुन्हा पुन्हा घ्यावा. शंभर मिनिटांपेक्षा मोठ्या दोन सीडींच्या संचातली प्रत्येक सीडी विक्रीच्या गोल्ड-प्लॅटिनम प्रमाणपत्रासाठी वेगळी मोजतात, म्हणजे एक खरेदी दोनदा मोजली जाते. नियमात बसतं, त्याने चोरी केली नाही. पण जुनीच गाणी नव्या पेटीत घालून विकत राहण्याचा कंटाळा त्याच्या निष्ठावंतांनाही आला.

याच विषयाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. डिजिटल काळात त्याने गाणी सुटी विकू द्यायला नकार दिला आणि आयट्यून्सवर तो कधी आलाच नाही. तरुण श्रोत्यांना हा हेका वाटतो. गीतकाराच्या खिशातून पाहिलं तर चित्र बदलतं. अमेरिकेत २००६ पासून बरीच वर्षं पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला दर प्रतीमागे ९.१ सेंट हा कायदेशीर दर होता. दहा गाण्यांचा अल्बम दहा लाख खपला, तर नवव्या क्रमांकाच्या, रेडिओवर कधीच न वाजलेल्या गाण्यालाही सुमारे ९१,००० डॉलर मिळत. ते गीतकार आणि प्रकाशक यांच्यात वाटले जात. गाणी सुटी विकली की लोक गाजलेली दोनच घेतात आणि बाकीच्या आठांचे लेखक उपाशी राहतात. गार्थचं हेच म्हणणं होतं. त्यासाठी त्याने नव्या पिढीचा एक मोठा श्रोतृवर्ग गमावला. २०१६ मध्ये तो ॲमेझॉनवर आला, तोवर बराच उशीर झाला होता.

धाडसाचं श्रेय मी त्याला १९९२साठी देतो. लॉस एंजेलिसच्या दंगलींनंतर त्याने समतेवर एक गाणं केलं, त्यात कुणी कुणावर प्रेम करावं याचंही स्वातंत्र्य मागितलं होतं. काही कंट्री रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला आणि कंट्री गाण्यांच्या यादीत ते पहिल्या दहातही पोहोचलं नाही. जानेवारी १९९३ मध्ये सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, राष्ट्रगीत गायच्या आधी त्याने त्या गाण्याची चित्रफीत दाखवायचा आग्रह धरला आणि वाहिनी ऐकेना तेव्हा सामन्याला तासभरही उरला नसताना स्टेडियम सोडलं. शेवटी चित्रफीत दाखवली गेली. ऐनवेळी अडवून धरणं शिष्टाचाराला सोडून होतं, हे मान्य. पण जो श्रोतृवर्ग दुरावण्याची भीती होती, तो त्याचाच होता.

१९९९चं ख्रिस गेन्स प्रकरण थोडक्यात सांगतो. येऊ घातलेल्या चित्रपटातल्या एका काल्पनिक रॉक गायकाच्या वेषात, काळा विग आणि खालच्या ओठाखाली दाढीचा पुंजका अशा अवतारात, त्याने एक अल्बम काढला. चूक क्रमाची होती : अल्बम आधी आला आणि चित्रपट आलाच नाही. कथा ठाऊक नसलेल्या लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलंय. एरवी त्यातलं एक गाणं बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं, हे टीकाकार विसरतात.

२००० मध्ये मुलींना वाढवण्यासाठी त्याने निवृत्ती जाहीर केली आणि मोठे दौरे खरंच २०१४ पर्यंत थांबवले. मधल्या काळात लास व्हेगासला तो अधूनमधून गायला, तेही बँडशिवाय एकट्याने. ऐन भरातली चौदा वर्षं सोडणं हे ढोंगात बसत नाही.

परतीच्या वर्षीच डब्लिनचा घोळ झाला. तिथल्या क्रोक पार्क मैदानावरच्या पाच रात्रींची चार लाख तिकिटं खपली. मैदानाभोवतीच्या रहिवाशांना वर्षाला तीनच कार्यक्रमांचं आश्वासन होतं आणि त्या वर्षी दुसऱ्या बँडचे तीन आधीच झाले होते. नगरपालिकेने त्याला आणखी तीनच रात्रींची परवानगी दिली. गार्थ म्हणाला, पाच नाहीतर एकही नाही. दोन कार्यक्रम दुपारी करण्याचा पर्यायही बारगळला आणि पाचही रद्द झाले. मला विचाराल तर मोठी चूक आयोजकांची : परवाना हातात यायच्या आधी तिकिटं विकली. पण तीन रात्रींचे दोन लाख चाळीस हजार लोक खूश करता येत असताना त्यांनाही घरी बसवणं, हा गार्थचा हट्ट होता. २०२२ मध्ये त्याने तिथेच पाच कार्यक्रम केले, तेव्हा आयरिश चाहत्यांचा राग बराच निवळला.

आता घशाचा मुद्दा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कारांच्या सोहळ्यात त्याने गाण्यावर फक्त ओठ हलवले, आणि त्याच रात्री त्याला वर्षातल्या सर्वोत्तम कलाकाराचा पुरस्कार मिळाला. पत्रकारांनी विचारल्यावर त्याने ते लगेच कबूल केलं : दहा दिवसांत बारा कार्यक्रमांच्या मधोमध हा सोहळा आला, आवाज उरलाच नव्हता. काही सहकारी गायकांनी यावर उघड नाराजी दाखवली, कारण आवाज बसलेला असतानाही थेट गाणारे तिथे होते. ती नाराजी योग्य होती. मात्र आवाज का बसला होता ते पाहा : स्वस्त तिकिटांसाठी वाढवलेले कार्यक्रम. चाहते ज्या सवयीबद्दल त्याला दुवा देतात, तिचंच हे बिल होतं. २०१९ मध्ये तोच पुरस्कार सातव्यांदा मिळाला, तेव्हा आता तरुणांना संधी द्या अशी ओरड झाली. २०२० मध्ये त्याने स्वतःहून आपलं नाव स्पर्धेतून मागे घेतलं.