खालच्या कोर्टाचा हुकूम आणि वरची दारं

मित्रहो, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या हायकोर्टात रोज कोणी ना कोणी विचारतं, "वरच्या कोर्टात अपील टाकायचं ना?" काटोलकडचे एक बाप माझ्याकडे असेच आले होते. मारामारीच्या खटल्यात मॅजिस्ट्रेटने मुलावर आरोप निश्चित केले होते. "वकीलसाहेब, अपील टाकून द्या ना जी." मी म्हटलं, काका, या हुकुमावर अपील नाहीच.

त्यांना धक्का बसला. अपील हा जन्मसिद्ध हक्क आहे, असं आपण धरून चालतो. पण कायदा उलटं सांगतो. जिथे तरतूद आहे तिथेच अपील, एरवी नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं हे ३७२ कलम, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१३ झालं. शिक्षा झाली की सहसा अपील असतं आणि तिथे सगळा पुरावा नव्याने तपासला जातो. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या भीतीपोटी लोक अपीलच करत नाहीत.

मग खटला चालू असताना होणाऱ्या हुकुमांचं काय? तिथे रिव्हिजन आहे, म्हणजे खालच्या कोर्टाचा हुकूम वरच्या कोर्टाकडून तपासून घेणं. पण अंतरिम हुकुमावर रिव्हिजनही चालत नाही, असं कायदा बजावतो. तारीख पुढे ढकलली, साक्षीदाराला समन्स काढलं, जामीन दिला किंवा नाकारला, हे सगळे अंतरिम हुकूम. जामीन नाकारला तर वरच्या कोर्टात जामिनाचाच नवा अर्ज करायचा.

आता अंतरिम कशाला म्हणायचं? इथे आपल्या महाराष्ट्राचाच एक खटला कामी येतो. अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत आरोपी असलेले समाजवादी नेते मधू लिमये यांचं म्हणणं होतं की कोर्टाने दखल घेणंच बेकायदा आहे. सेशन कोर्टाने ते फेटाळलं. हा अंतरिम हुकूम आहे म्हणून मुंबई हायकोर्टानेही रिव्हिजन ऐकलं नाही. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं. अंतिम आणि अंतरिम यांच्या मध्ये तिसरी जात असते, असं ते म्हणालं. आक्षेप मान्य झाला असता तर खटलाच संपला असता, तर मग तो फेटाळणारा हुकूम निव्वळ अंतरिम कसा? मला ही कसोटी फार मोलाची वाटते. हुकुमाचं नाव बघू नका, तो उलटला तर काय होईल ते बघा. आरोप निश्चितीचा हुकूमही याच मधल्या जातीचा, म्हणून त्यावर रिव्हिजन चालतं.

मात्र रिव्हिजन म्हणजे धाकटं अपील नव्हे. तिथे हुकूम कायदेशीर आहे का, योग्य आहे का, एवढंच बघतात. साक्षीपुरावा सहसा नव्याने तोलत नाहीत. निर्दोष सुटलेल्याला रिव्हिजनमध्ये दोषी ठरवता येत नाही. आणि सेशन कोर्टात एकदा रिव्हिजन केलं की त्याच माणसाला हायकोर्टात दुसरं करता येत नाही. म्हणून पहिलं दार नीट विचार करून निवडा.

रिव्हिजनची मुदत ९० दिवसांची. काकांनी दोन महिने हुकुमाच्या नकलेचा अर्जच केला नव्हता. त्याच दिवशी तो करायला लावला आणि मुदतीत रिव्हिजन दाखल झालं. मुलगा खटल्यातून सुटला नाही, पण सर्वांत जड कलम गळून पडलं. बाकीचा खटला आजही काटोललाच चालू आहे.