पाठ टेकली, मग पुढे?

[दृश्य: १९९४ चं जुनं, धूसर चित्रण. अष्टकोनी पिंजरा. एक धिप्पाड माणूस वर, पांढऱ्या डगल्यातला सडपातळ माणूस खाली.]

वरच्या माणसाचं नाव डॅन सेवर्न, वजन ११८ किलोच्या आसपास. खालचा रॉयस ग्रेसी, जेमतेम ८०. ग्रेसीची पाठ जमिनीला टेकून आता पंधरा मिनिटं होत आली आहेत. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात ही कुस्ती लागली असती, तर निकाल कधीच लागला असता. हलगी कडाडली असती, सेवर्नला लोकांनी खांद्यावर घेतलं असतं आणि फेट्यात नोटा खोचल्या असत्या.

पण हे खासबाग नाही. हे अमेरिकेतलं तुलसा शहर. तारीख १६ डिसेंबर १९९४, यूएफसी, म्हणजे ठोशापासून गळा आवळण्यापर्यंत जवळपास सगळं चालणारी झुंज, तिची चौथी स्पर्धा आणि त्या स्पर्धेची अंतिम लढत. सेवर्न नावाजलेला कुस्तीगीर. त्याच रात्री आधीच्या एका लढतीत त्याने प्रतिस्पर्ध्याला मागून कमरेला धरून डोक्यावरून फेकलं होतं, तेही दोनदा. ग्रेसीला खाली घेणं त्याला जड गेलं नाही. पण खाली घेतल्यावर करायचं काय, याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. कारण त्याच्या खेळात तिथे लढत संपते.

[दृश्य: ग्रेसीचे पाय, जवळून.]

आता पायांकडे बघा. एक पाय सेवर्नच्या मानेवरून आडवा जातो. दुसऱ्या पायाच्या गुडघ्यामागची खोबण या पहिल्या पायाच्या घोट्यावर बसते. या कात्रीत सेवर्नची मान आहे आणि त्याचा एक हातही. डाव लागतो तो या हातामुळे. मानेच्या एका बाजूची शीर त्याच्या स्वतःच्याच खांद्याने दाबली जाते, दुसऱ्या बाजूची ग्रेसीच्या मांडीने. श्वास कोंडायच्या आधी मेंदूकडे जाणारं रक्त अडतं आणि माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपू शकतो. पंधरा मिनिटं एकोणपन्नास सेकंदांनी सेवर्नने थाप मारली. थाप मारली, म्हणजे हार मानली. गंमत अशी की लढत इतकी लांबली, की प्रक्षेपणाची वेळ संपली आणि पैसे मोजून बसलेल्या अनेकांना शेवट दिसलाच नाही!

सेवर्नची कुस्ती आणि ग्रेसीचं ब्राझीलियन जिउ-जित्सू. दोन्हींत ठोसा नाही, लाथ नाही. दोन्ही धरपकडीचे खेळ. फरक हार कशाला म्हणायचं, इथे आहे. आणि हा फरक शरीरात किती खोल मुरतो, ते आखाड्यात उतरल्याशिवाय कळत नाही.

[दृश्य: तालीम, पहाट. लाल माती. दोन तरुण मल्ल लढत करताहेत.]

तालमीत पोराला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बजावली जाते: पाठ लागू द्यायची नाही. म्हणून तोल गेला, की पैलवान हवेतल्या हवेत वळतो आणि पोटावर पडतो. मग वरचा कब्जा घेतो. खालच्याची कंबर धरतो, त्याच्यावर भार टाकतो, घिस्सा डाव मारून त्याला उलटवायला बघतो. खालचा कोपरं आवळून माती धरून बसतो. तगडा पैलवान असा बराच वेळ खाली काढू शकतो, आणि लोक त्याच्या दमाचं कौतुक करतात.

जिउ-जित्सूवाल्याला ही स्थिती दाखवा. त्याच्या तोंडाला पाणी सुटेल. प्रतिस्पर्धी पालथा, पाठ आपल्याकडे, त्याला आपले हात दिसत नाहीत. हनुवटीखालून एक हात सरकवायचा, आपल्याच दुसऱ्या दंडाला अडकवायचा आणि आवळायचा. मातीत ज्या सवयीने पैलवान वाचतो, तीच सवय इथे त्याचा गळा देते.

हा खेळ ब्राझीलला पोचला तो जपानमधून. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची संस्था काढली. तिथला एक मल्ल, मित्सुयो माएदा, देशोदेशी कुस्त्या मारत १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला आणि पुढे बेलेम शहरात स्थिरावला. त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकला. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलियो, म्हणजे रॉयसचा बाप, अंगाने किरकोळ होता. उचलून आपटणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. मग खाली पडल्यावर टिकायचं कसं, दमलेल्या दांडग्या माणसाला खालून पकडायचं कसं, यावरच त्याने आयुष्य घालवलं. थोडक्यात, हा हलक्या माणसाने घडवलेला खेळ आहे आणि त्याच्या प्रत्येक डावात ते दिसतं.

१९५१ मध्ये याच हेलियोचा हात रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोपटूने एका पकडीत मोडला. तेव्हापासून ती पकड जगभर किमुराच्या नावाने ओळखली जाते. आणि २५ वर्षांनी त्याच जातीच्या पकडीने आपल्याच उपखंडातल्या एका मोठ्या घराण्याचा पैलवान पाडला.

[दृश्य: कराचीच्या नॅशनल स्टेडियमची जुनी छायाचित्रं.]

१२ डिसेंबर १९७६. अक्रम पैलवान, म्हणजे गामाचा पुतण्या, विरुद्ध जपानचा अँतोनियो इनोकी. होय, तोच इनोकी, जो त्याच वर्षी जूनमध्ये टोकियोत मुहम्मद अलीशी लढला होता. इनोकी पोरवयात घरच्यांबरोबर ब्राझीलला गेला होता, कॉफीच्या मळ्यात राबला होता. पण पकडी त्याने कार्ल गॉचकडून, युरोपातल्या 'कॅच' कुस्तीतून शिकल्या. या गॉचचा व्यायाम काय, तर आपले जोर-बैठका!

तिसऱ्या फेरीत इनोकीने अक्रमचं मनगट धरलं. दुसरा हात अक्रमच्या दंडावरून घालून आपलंच मनगट पकडलं. कोपर काटकोनात दुमडलं आणि पंजा पाठीमागून वर रेटायला सुरुवात केली. यात जोर लागतो तो खांद्याच्या सांध्यावर, आणि या दिशेला तो सांधा वळतच नाही. अक्रमने हार मानली नाही. सांधा गेला. लढत थांबली.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, चला, जिउ-जित्सू जिंकलं. मला ते पटत नाही.

सेवर्नच्या पराभवानंतर दोनच वर्षांत पिंजऱ्यात वेगळ्या तयारीचे कुस्तीगीर उतरले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये खेळलेला मार्क कोलमन १९९६ मध्ये यूएफसीत आला. खाली घ्यायचं, वरून दाबायचं आणि ठोसे मारायचे, एवढंच करून त्याने पहिलीच स्पर्धा जिंकली. मे २००६ मध्ये मॅट ह्यूज या कुस्तीगीराने खुद्द रॉयस ग्रेसीला पहिल्याच फेरीत हरवलं. त्यात एकदा तर ह्यूजने ग्रेसीचाच हात सरळ ताणून धरला होता. ग्रेसीने थाप मारली नाही, पण लढत त्याच्या हातून गेलेलीच होती. वय झालं होतं, हेही खरं.

माझं म्हणणं असं: जमिनीवर गेल्यावर काय होईल, हे जिउ-जित्सू ठरवतं. जमिनीवर जायचं की नाही आणि वर कोण राहणार, हे कुस्ती ठरवते. भांडणात हा दुसरा निर्णय आधी येतो. रस्त्यावर तर मामला आणखी सरळ आहे. खाली डांबर, समोरच्याचे दोन मित्र मागे उभे. तिथे आपण होऊन पाठीवर पडणं म्हणजे वेडेपणा. तिथे हवा तो न पडणारा पाय, समोरच्याला ढाक मारून आडवं करणारी कंबर, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उठून निघून जाण्याची मोकळीक. डांबरावर पाठ आपटली, तर पुढचे डाव लागतच नाहीत.

मग शिकायचं काय? दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर बिनधास्त तालमीत घाला. मान, कंबर, दम हे त्याच वयात कमावलं जातं. तिशीत पहिल्यांदा सुरू करणाऱ्याला मात्र मातीत रोज आपटून घेणं झेपायचं नाही. त्याने जिउ-जित्सूचा वर्ग शोधावा, मुंबई-पुण्यात आता ते आहेत.

आणि तयार पैलवान? त्याला अख्खा नवा खेळ शिकायची गरज नाही. पाठीमागून आवळला जाणारा गळा, पायांची कात्री आणि ताणलं जाणारं कोपर, एवढ्यांतून सुटता आलं की पुष्कळ झालं. हरियाणाची कुस्तीगीर रितू फोगाट डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला वन चॅम्पियनशिप या यूएफसीसारख्याच संस्थेच्या स्पर्धेत अंतिम लढतीला उतरली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, म्हणजे मुळात ठोसे-लाथांच्या खेळातली मुलगी. खाली घेण्यात रितूच वरचढ होती. दुसऱ्या फेरीत पाठीवर पडलेल्या स्टॅम्पने तिचा हात पायांत घेतला, कोपर ताणलं, आणि रितूला थाप मारावी लागली.