एका सत्रासाठी अमेरिकन विद्यापीठ निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत पूर्ण पदवी घ्यायला जाणारा विद्यार्थी आणि एका सत्रापुरता जाणारा विद्यार्थी यांच्या गरजा अगदी निराळ्या असतात. पहिल्याचा एखादा विषय हुकला तर तो पुढच्या सत्रात घेता येतो. दुसऱ्याच्या हाती मात्र जेमतेम १५ आठवडे असतात. तरीही दोघेही तीच ती मानांकनाची यादी समोर ठेवून बसतात, याचे मला नेहमी नवल वाटते. तुम्ही ज्या चार वर्गांत प्रत्यक्ष बसणार आहात ते कसे आहेत, हे मानांकनातून कळत नाही.

ते कळण्याची जागा दुसरीच आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सहसा दोन वेगवेगळ्या याद्या असतात. कॅटलॉगमध्ये विद्यापीठात केव्हा ना केव्हा शिकवल्या जाणाऱ्या साऱ्या विषयांची नोंद असते, तर सत्राच्या वेळापत्रकात त्या सत्रात खरोखर शिकवले जाणारे विषयच असतात. माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीने कॅटलॉग वाचून, एका प्राध्यापकांच्या विषयासाठी म्हणून विद्यापीठ निवडले. तेथे पोचल्यावर तिला समजले की ते वर्षभर रजेवर आहेत. वेळापत्रक उघडून विषयाखालच्या बारीक अक्षरांतल्या ओळी वाचल्या असत्या, तर हे घरबसल्या कळले असते. आधी कोणता विषय झालेला असावा लागतो, विभागाची परवानगी लागते का, किती जागा उरल्या आहेत आणि प्रतीक्षायादी किती लांब आहे, हे सारे त्याच ओळींत असते. पुष्कळ ठिकाणी पाहुण्या विद्यार्थ्यांची नोंदणी तिथल्या विद्यार्थ्यांनंतर होते आणि संगणकशास्त्रासारख्या विषयांच्या जागा तोवर संपलेल्या असतात. म्हणून चार विषय हवे असतील तर आठांची यादी करावी, आणि ते आठही आपल्या विद्यापीठाकडून आधीच लेखी मंजूर करून घ्यावेत.

यानंतर पाहायचे ते कॅलेंडर. बहुतेक विद्यापीठांत सेमिस्टर पद्धत आहे: ऑगस्टच्या अखेरीस सुरू होणारे सत्र डिसेंबरच्या मध्यास संपते. सिएटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ किंवा लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ येथे मात्र क्वार्टर पद्धत चालते. वर्ग सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतात, अध्यापन सुमारे १० आठवड्यांचे असते, आणि जरा स्थिरस्थावर होतो न होतो तोच चौथ्या-पाचव्या आठवड्यात मध्यसत्र परीक्षा समोर उभी राहते. गंमत म्हणजे त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत सेमिस्टर आहे. श्रेयांकांचा, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या क्रेडिटचा, हिशेबही यामुळे बदलतो, कारण क्वार्टरचे ३ श्रेयांक सेमिस्टरच्या २ श्रेयांकांबरोबर धरले जातात.

खर्च आणि व्हिसा यांचे गणित मुख्यतः तुम्ही कोणत्या वाटेने जाता यावर ठरते. दोन विद्यापीठांत विद्यार्थी-विनिमयाचा करार असेल तर सहसा शिकवणी शुल्क आपल्याच विद्यापीठात भरायचे असते, मात्र अशा जागा मोजक्याच असतात. स्वतंत्रपणे जाणाऱ्याला राज्य विद्यापीठात परराज्यातील विद्यार्थ्याचा चढा दर पडतो. विनिमयासाठी बहुधा जे-१ व्हिसा मिळतो, आणि त्यासाठी प्रत्येक आजारामागे किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचा आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीपूर्व विद्यार्थ्याला सत्रात साधारणपणे किमान १२ श्रेयांक घ्यावे लागतात. पर्यटक व्हिसावर श्रेयांकांचे शिक्षण घेता येत नाही.

आता माझे एक मत, जे सर्वांना पटेलच असे नाही. पदवीपूर्व विद्यार्थ्याने एकाच सत्रासाठी जायचे असेल, तर आयोवातील ग्रिनेल किंवा ओहायोतील ओबरलिन यांच्यासारख्या लहान महाविद्यालयांचा विचार अवश्य करावा. मोठ्या विद्यापीठात तीनशे जणांच्या व्याख्यानाला बसून शंका विचारायच्या त्या सहायकाला, असे पुष्कळदा होते. लहान ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखू लागतात. तिथे विषयांची निवड तोकडी असते आणि मोठ्या प्रयोगशाळा नसतात, हे खरे. ज्याला ग्रंथालयातील एखादा विशिष्ट संग्रह किंवा यंत्रसामग्री हवी आहे, त्याने मोठ्याच विद्यापीठात जावे.

हवामानाकडेही कानाडोळा करू नये. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनचे विद्यापीठ मेंडोटा सरोवराच्या काठी आहे; जानेवारीत वसंत सत्र सुरू होते तेव्हा ते सरोवर बहुधा गोठलेले असते आणि लोक त्यावरून चालत जातात. नावात वसंत असला, तरी सामान बांधताना जाड कोट आणि बर्फात चालण्याजोगे बूट वरच ठेवावेत.

राहण्याच्या जागेची चौकशी मात्र प्रवेशाआधीच करावी. विद्यापीठाबाहेरच्या घरांचे करार पुष्कळदा बारा महिन्यांचे असतात, त्यामुळे चार महिन्यांसाठी घर शोधणे अवघड जाते. वसतिगृहात खोली मिळालीच, तर नाताळच्या सुट्टीत ते उघडे राहते का, हे पत्र पाठवून विचारून घ्यावे. काही वसतिगृहे शेवटच्या परीक्षेनंतर एक-दोन दिवसांतच बंद होतात, आणि परतीचे विमान आठवड्याने असेल तर ते दिवस कुठे काढायचे हे आधीच ठरलेले असावे लागते.

नमस्कार.